तेवीस नंबरच्या मुळीच्या चोरीबाबत

मी, सर्वत्र मुळीबाबा या नावाने परिचित, वय ७८ वर्षे, धंदा औषधी मुळ्या खोदून पुरविणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार टेकडीखालील शेवटचे घर, आज मंगळवारी सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय सांगतो की,

हगवणीच्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेस मी चार वर्षे मुळ्या देत आहे. दिलेल्या चाळीसपैकी तेवीस नंबरच्या मुळीने काचेच्या बशीत जंतू मारले. परंतु मुळीस बुरशी आलेली होती. संचालक साहेब म्हणाले, गुण बुरशीचा असेल, मुळीचा नव्हे. ही मुळी मला माझ्या आईने ओळखावयास शिकविली. त्याविषयी अधिक सांगणे नाही.

मागील आठवड्याच्या सोमवारी दुपारी तीन वाजता मी प्रयोगशाळेच्या भांडारात गेलो. सदर मुळी प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, लोखंडी कपाटात ठेवलेली आढळली. ओली मुळी कोंडू नये, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवितात. बुरशीचे तुकडे निवडून मी डब्यात घातले व डबा कपाटातच ठेवला. चांगली मुळी धुऊन त्याच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आठ दिवसांकरिता टांगली व घरी गेलो. कोणास विचारले नाही. रडते मूल उचलण्यास परवानगी घेण्याची पद्धत मला ठाऊक नाही. मजकडे फोन नाही.

त्यानंतर चोरीची तक्रार झाली. पहारेकऱ्याने "फाटकातून मुळी गेलेलीच नाही" असे सांगितले. ते खरे होते. तरी त्यास घरी बसविण्यात आले. त्याचे घर, माळा व सायकलची पिशवी तपासण्यात आली. गच्ची तपासण्यात आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. याबद्दल माझी तक्रार नाही.

काल मी मुळी उतरवून प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

"आजोबा, ही कुठं सापडली?"

"वर होती. वाळत."

"वर म्हणजे कुठं?"

"तुमच्या डोक्यावर, बाई."

बाई खाली बसल्या व बराच वेळ हसल्या. मग त्यांनी पहारेकऱ्याची हकिकत सांगितली. मी कालच तसाच ठाण्यात आलो. जबाब लिहिणारे हवालदार रजेवर असल्याने मला आज पुन्हा बोलावण्यात आले.

बाईंनी कालच एका बशीत डब्यातील बुरशी व दुसरीत वाळलेली मुळी लावली होती. आज सकाळी नऊ वाजता मी दोन्ही बश्या पाहिल्या. बुरशीच्या बशीत जंतू खुशाल होते. मुळीच्या बशीत कोटाच्या बटणाएवढे गोल वर्तुळ स्वच्छ होते. बाई म्हणाल्या, "गुण मुळीचाच, आजोबा." मी "बरे" असे म्हणालो. चष्मा दोन वेळा पुसला. संचालक साहेबांनी पहारेकऱ्यास स्वतः फोन करून बोलाविले व माझ्यासमक्ष त्याची माफी मागितली. मीही मागितली.

तो म्हणाला, "बाबा, वाळली तुमची मुळी आणि सुकलो मी! पुढच्या खेपेला मलाही टाकीच्या सावलीत टांगा."

सबब मुळी मीच हलविली. चोरी झालेली नाही.

जबाब मला वाचून दाखविला, तो मी स्वतःही वाचला. मी सांगितल्याप्रमाणेच आहे. अंगठ्याकरिता शाई पुढे करण्यात आली. मी सही केली आहे.

समक्ष साक्षीदार:
१. डॉक्टरबाई, प्रयोगशाळा.
२. पहारेकरी, प्रयोगशाळा, आज सकाळी दहापासून कामावर, गणवेशात.