पाचपेक्षा कमी माणसं

मी, हरवलेल्या बाईंचा सख्खा धाकटा भाऊ, वय ३१, धंदा प्रोग्रामर, राहणार आईजवळ, पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, समक्ष हजर राहून सांगतो की,

दाजींच्या मारहाणीला कंटाळून ताई सहा महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. ती धरणापलीकडे कुठेतरी आहे, एवढंच दाजींना माहीत होतं. पत्ता फक्त मला आणि आईला ठाऊक. आम्ही तोंड उघडलेलं नाही. आईला उगीच खोदून खोदून विचारू नका.

आमच्या कंपनीचं चालण्या-धावण्याचं अ‍ॅप आहे. लोक कुठे-कुठे फिरले याचे चार कोटी ठिपके त्यांच्या घड्याळांतून येतात. ते सगळे एकदम नकाशावर काढले तर कॉम्प्युटर मान टाकतो, म्हणून मी नकाशाचे बारीक चौकोन पाडतो, प्रत्येकात किती माणसं ते मोजतो आणि गर्दीप्रमाणे रंग भरतो. पाचपेक्षा कमी माणसं असली की चौकोन कोरा. एकट्यादुकट्याचं घर उघडं पडू नये, म्हणून हा नियम मीच घातला होता.

सोमवारी आमचे साहेब म्हणाले, "नकाशाला टक्कल पडलंय रे, जरा भरगच्च कर." मी पाचाचा एक केला. नकाशा झकास दिसायला लागला आणि मी दीडशहाण्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला. दाजी त्या ग्रुपवर अजून आहेत. त्यांना काढून तमाशा कशाला, असं आईचं म्हणणं. दाजींनी लगेच लिहिलं, "शाब्बास! नाव काढलंस." मला बरं वाटलं, हेही लिहून घ्या.

धरणापलीकडे सगळं कोरं असतं. या वेळी तिथे एकच फिकट पिवळी रेघ होती, एका दारातून निघून त्याच दाराशी परत येणारी. घड्याळ ताईला मीच घेऊन दिलं होतं.

आज सकाळी आठ वाजता तिच्या घरमालकिणीचा फोन आला, की ताई फिरायला गेली ती परतलीच नाही आणि फोन लागत नाही. मी ऑफिसात धावत जाऊन तिच्या घड्याळाच्या नोंदी काढल्या. ६:१२ पर्यंत ती चालते आहे. ६:१३ ला वेग ताशी साठ. ६:३१ ला बंद पडलेल्या दगडखाणीपाशी थांबते. पुढे नोंद नाही.

नियम मी परत पाचावर आणला आहे. आता ताई नकाशावर दिसत नाही. खाणीजवळचा ठिपका छापून सोबत जोडला आहे.

जबाब वाचून दाखवायला हवालदारसाहेबांनी चष्मा लावला आहे. मी सांगितलं तसंच लिहिलंय, सगळं बरोबर आहे, वाचत बसू नका. सही घ्या आणि गाडी काढा, साहेब, पाया पडतो तुमच्या.