एकट्याचा पास बंद

—नाही, नाही, बोलायचं नाही, मास्तर! ओठ मिटा. भुवया खाली. हं, अस्सं. आता चेहऱ्याची नोंद होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. हललात, बोललात, की हे यंत्र रुसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. नवीन आहे ना, मुख्य कचेरीतून आलंय, त्यामुळे त्याला वाटतं सगळं जग त्याच्यासाठी थांबलंय — आमच्या साहेबांसारखंच. तुम्ही आपले बाकावर बसून त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा. बोलायचं काम माझ्याकडे द्या. ते मला जमतं.

तर काय विचारत होतात मघाशी? एकट्याचा वार्षिक पास. बंद झाला, मास्तर. खरंच बंद झाला. असे डोळे वटारू नका, ठिपका लाल होईल! अहो, यंदा पासाची सगळी घडीच मोडलीय. सुट्टीच्या दिवशी पास चालणार नाही, गाडी लावायची तर वेगळी चिठ्ठी, पाण्याच्या राइडला जायचं तर मनगटाला वेगळा पट्टा — माणसानं पार्कात मजा करायची की मनगटं मोजत बसायची? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे हे, एकट्याचा पास रद्द. आता फक्त जोडी पास आणि कुटुंब पास. का म्हणजे? वरच्या हुशार लोकांनी अभ्यास केलाय. एकटा माणूस पाळण्यात बसला की शेजारची जागा रिकामी फिरते, रिकाम्या जागेला वजन नसतं, वजन नसलं की पाळणा एका अंगाला कलतो, आणि कलला की बेअरिंग झिजतं. शास्त्र आहे हो हे. आपला मोठा पाळणा एकट्यादुकट्या लोकांमुळे तळ्याच्या बाजूला वाकलाय म्हणे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण वाकलाय.

हसायचं नाही म्हटलं ना! यंत्राला हसू चालत नाही. आता सगळ्या पासांवर कसे, सरळ, गंभीर, तोंड मिटलेले चेहरे हवेत — जुन्यासारखे नकोत. जुने आठवतात ना? आठवणारच. फोटो काढायला वेगळा माणूस कशाला ठेवायचा, असं आधीच्या साहेबांच्या डोक्यात आलं. नागिणीवर कॅमेरा आहेच की, म्हणाले! ती उलटीपालटी होणारी गाडी वरच्या कड्यावरून खाली सुटते, तिथे खट्‌कन फोटो, आणि तोच पासावर. झालं! पार्कातल्या झाडून सगळ्या पासांवर बोंबलणारी माणसं. घशाच्या डॉक्टरला दाखवावेत असे फोटो. आणि फाटकावरच्या आपल्या पैलवानाला हुकूम काय, तर पासावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. आता जुळणार कसा? फोटोतला जबडा उघडून आणि समोरचा ओठ मिटून! मग पैलवान म्हणायचा, ‘ओरडा.’ काय दृश्य हो ते — सकाळी सकाळी रांग लागलीय, एकेक जण पुढे येतोय, बेंबीच्या देठापासून किंचाळतोय, आणि पैलवान शांतपणे मिशीवरून हात फिरवत म्हणतोय, ‘हं, तुम्हीच. जा आत.’ एक न्यायाधीशबाई यायच्या नातवंडांना घेऊन. त्या जरा मर्यादेत ओरडल्या, तर यानं अडवलं — ‘बाई, फोटोत पडजीभ दिसतेय, इथे दिसत नाही.’ समोरच्या इमारतीतल्या लोकांनी पोलिसांना बोलावलं, इथे रोज कुणाचा तरी जीव घेतायत म्हणून. पोलीस आले. पैलवानानं त्यांनाही ओरडायला लावलं.

खोटं? मी कशाला खोटं बोलू? थोडं इकडेतिकडे झालं असेल. पोलीस दोन होते, ओरडला एकच.

पण तुमचा फोटो, मास्तर! तुमचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मला वाटलं, कॅमेराच बिघडला. मागची-पुढची माणसं जगबुडी झाल्यासारखी बोंबलतायत, कुणाचा चष्मा हवेत, कुणाची कवळी हवेत, आणि मधोमध तुम्ही. तोंड मिटलेलं. मान वाकडी करून शेजाऱ्याच्या कॉलरची शिवण तपासताय. कड्यावरून खाली पडताना! माणूस शिंपी असावा तर असा. पैलवानाची तर पंचाईतच झाली, तुम्हाला ओरडायला सांगून उपयोग काय? मग तो आपली स्वतःचीच कॉलर पुढे करायचा, तुम्ही वाकून म्हणायचात, ‘दोरा सुटलाय,’ की पटली ओळख. मी या खिडकीतून बघायचे. एवढी हसायचे... आणि मग त्या फोटोची एक जास्तीची प्रत काढली — म्हणजे निघाली. यंत्र जुनं होतं, एकाच्या दोन काढायचं. ती आपली पडलीय या टेबलाच्या काचेखाली. टेबलाच्या काचेखाली काहीतरी लागतंच ना. नुसती काच चांगली नाही दिसत.

मान वळवू नका! काही बघण्यासारखं नाही तिथे. ठिपका. ठिपक्याकडे.

आणि हो, शिवणीवरून आठवलं. आमचे सगळ्यांचे गणवेश तुमच्याच दुकानात येतात दुरुस्तीला, तर तुम्ही पैलवानाला विचारलंत म्हणे, की सगळ्या पार्कात खिडकीवरच्या बाईंचीच बाही एवढी कशी उसवते? असं विचारतात का कुणी बाहेर? मला विचारायचं. कापड हलकं आहे, दुसरं काय. शिवाय मी डाव्या हातानं खूप — डाव्या हातानं पास देते. त्यात तुमचे टाके असे घट्ट, की कातरीचं टोक सुद्धा धड आत शिरत नाही, अर्धा अर्धा तास बसावं लागतं — म्हणजे, उसवतं ते आपलं आपणच. मी नुसती बघत बसते.

गरम होतंय का तुम्हाला? चेहरा लाल झालाय. पंखा लावू? नको, यंत्राला वारा चालत नाही.

आमच्या घरी तर वहिनीला वाटतं, मला पार्काचं वेड लागलंय. भाऊ-वहिनीकडेच राहते ना मी. वहिनी स्वभावानं वाईट नाही, फक्त नाक फार लांब आहे, प्रत्येक ठिकाणी पोहोचतं. परवा भाजी निवडता निवडता म्हणते कशी, ‘वन्सं, सगळ्या जगाला कामाच्या दिवशी सुट्टी हवी असते. तुमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, तरी तुम्ही सोमवारी नेमक्या कामावर, आणि तेही केसाला तेल-बिल लावून, वेणी घालून?’ मी म्हटलं, सोमवारी गर्दी असते. तर म्हणते, ‘सोमवारी तर पार्क ओस पडलेला असतो, मुलांना नेलं होतं तेव्हा बघितलं मी.’ म्हटलं, गर्दी नसली तरी एखादं माणूस येतंच ना! आणि भाऊ — तो पेपरातून डोकं वर न काढता विचारतो, ‘कुठलं माणूस?’ आता काय सांगायचं? तुमचं दुकान सोमवारी बंद असतं यात माझा काय दोष?

हां... म्हणजे तुमच्यासारख्या सगळ्यांचीच दुकानं. सोमवारी. बाजारच बंद असतो.

तर मुद्दा काय, मास्तर — मुद्दा असा की आजचा दिवस या खिडकीचा शेवटचा. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. उद्यापासून फाटकावरच यंत्र बसतंय. चेहरा बघेल, टिंग करेल, दांडा वर होईल, माणूस आत. पैलवानाला बदकांच्या होड्यांवर पाठवतायत — पोहता येत नाही त्याला, पण साहेब म्हणाले मिशी बघूनच लोक पाण्यात पडणार नाहीत. आणि मला वरच्या मजल्यावर. हिशेबाच्या खोलीत. तिलाही खिडकी आहे, नाही असं नाही, पण ती उघडते मागच्या बोळात, तिथे बिघडलेले लाकडी घोडे ठेवलेत. दिवसभर घोड्यांकडे बघायचं. म्हणजे तुम्ही पुढच्या सोमवारी याल, यंत्र टिंग करेल, तुम्ही आपले नेहमीसारखे तळ्याकाठी जाऊन बसाल, पायावर पाय टाकून, लाह्यांची पुडी मांडीवर — आणि मला कळणारसुद्धा नाही तुम्ही आलात की नाही आलात. बरं आहात की आजारी आहात. ती खाकी टोपी घातलीत की ती दुसरी...

पार्काच्या दृष्टीनं म्हणतेय मी. पार्काला कळायला नको का, कोण आलं कोण नाही?

असो. आधी तुमच्या पासाचं बघू. एकट्याचा पास बंद, म्हणजे तुम्हाला जोडी पास घ्यावा लागणार, म्हणजे दुसरं माणूस लागणार. विचार करून ठेवलाय मी — म्हणजे आत्ता, बोलता बोलता केला. तुमच्या ताई? त्यांचे गुडघे धरलेत, घराची पायरी उतरायची तर त्यांना मुहूर्त लागतो. पैलवान? तो मोठ्या पाळण्याकडे नुसता बघतो तेव्हासुद्धा खांब धरून बघतो. लाह्यावाल्या बाई? चांगल्या आहेत. फार चांगल्या आहेत. तुम्हाला पुडी शिगोशीग भरून देतात, मी बघते ना इथून, आणि माझ्या पुडीत अर्धी हवा. पण त्यांना चक्कर येते. पाळण्यात नाही, जमिनीवरच येते. तेव्हा त्या बाद. मग उरलं कोण? तुम्हीच सांगा — नको, सांगू नका, हलायचं नाही. उरलं असं आहे की, पार्कातल्या माणसानं जोडी पासात नाव घातलं तर नियमात बसतं. आता पार्कात रिकामं माणूस कोण आहे? मी आपलं सहज, रिकामी जागा राहू नये म्हणून, सकाळी येतानाच यंत्रात माझं नाव घालून ठेवलंय. तात्पुरतं. पुसता येतं. बेअरिंगसाठी हो, दुसरं काही नाही. मला पाळण्यात बसायची अशी काही हौस नाही, इतकी वर्षं इथे काढली, एकदाही बसले नाही. कुणी म्हटलंच नाही चला म्हणून. आणि एकटीनं बसलं की ते —

काय हो, बाई? दिसतंय मला, नव्या पासांसाठी आज सोमवारीही रांग आहे ते. चेहऱ्याची नोंद चाललीय ना इथे. — हो, वेळ लागतो. — कुणाचं? तुमच्या भाचीचं पापणी लवायच्या आत झालं? असेल. तिचा चेहरा सोपा असेल. मास्तरांच्या चेहऱ्यात बारकावे आहेत. तुम्हाला काय हवंय तेवढं सांगा. — हळू बोला, हळू! काय? एकटीचा? नाही, तो बंद... कुठे लिहिलंय? बाहेर? कसली पाटी? ती जुनी असेल. — आज सकाळी लावली? एकट्याचा पास चालू, नवीन रंगात? पैलवानालाच सांगितलं होतं त्या पाटीवर ओलं गोणपाट वाळत घाल म्हणून! एक काम धड करेल तर शपथ...

...

मास्तर.

हलू शकता तुम्ही. बोलूही शकता. मघापासूनच बोलू शकत होतात. नोंद केव्हाच झाली, बसल्या बसल्याच झाली. आणि तो ठिपका हिरवाच असतो. लाल वगैरे काही होत नाही तो.

एकट्याचा पास आहे. एक बटण दाबायचं, की निघतो. हे बघा, बोट ठेवलंय बटणावर. दाबू? नुसती मान हलवा, बोलायलाच हवं असं नाही. — राग आला का? आला असेल तर रागवा ना मोठ्यानं, ही सगळी रांग ऐकतेच आहे, त्यांचंही समाधान होऊ दे. तुमचे ओठ अजून मिटलेलेच. मी मघाशी सांगितलं ते आता सोडा की! मी काही वाईट... पाळणा वाकलाय हे मात्र मी — तेही खोटंच होतं. काही वाकलेलं नाही. सरळ आहे पाळणा. दाबते मी बटण. तुमचा पास तुम्हाला, माझे घोडे मला. दाबते हं?

—अहो, हात कशाला वर केलात? नको दाबू? मग काय करू? आणि हे काय, सरकताय कुठे? बाकाच्या पार कडेला गेलात! तिथून चेहरा अर्धाच येईल फोटोत, सगळी शेजारची जागाच... बाकावर हात काय थोपटताय? धूळ नाही तिथे, सकाळीच पुसलाय मी बाक. का थोप—

...

अय्या.

थांबा. थांबा, आले. दार आतून अडकतं हे. — काय, बाई? मिळेल हो, मिळेल तुम्हाला एकटीचा पास, कुठे पळून जातोय का तो! दुपारनंतर या. आत्ता खिडकीवर कुणी नाही. मी? मी इथे बाकावर आहे, दिसत नाही का? आणि जरा बाजूला सरका, मास्तरांच्या तोंडावरचा उजेड अडवताय तुम्ही.