जीपखालचं

गॅरेजात बाळाला घेऊन बसलेली जननी नावाची बाई तमिळच असणार, असं समजून मेकॅनिक आणि जीपवाला घरच्या मराठीत बोलत होते.

“सुंदरराव, नव्या स्प्रिंगा घालून जीप दोन इंच उचलू. चार उचलली तर वळणावर कलंडेल.”

“दोन इंच मागल्या महिन्यात पुरले असते, सेतुरामण्णा.”

“तिरुनीलक्कुडीच्या कालव्यापाशी खाली लागतो, तो दगडच ना?”

“दगड वाढतो का हो?”

“म्हणजे?”

“आधी पालथं पडलेलं असायचं. आता बसायला लागलंय. डोकं आपटतं त्याचं.”

“मग रस्ता बदला की!”

“बदलला. तिथंही रस्त्यातच बसलेलं असतं.”

“बरं, चार इंच उचलतो. पण ते उभं राहिलं, तर?”

“मग कशाला उचलायची जीप? चालत घरीच येईल ते.”

जननीने बाळाला घट्ट धरलं.