तेल कुठे जाईल?

नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने एवढं शिकून करायचं काय, जर कोणी विचारणारच नसेल तर? माझं काम काय, तर समुद्रात तेल सांडलं की ते वाहत कुठे जाईल हे संगणकावर आधीच सांगायचं. आता तेल काही रोज सांडत नाही. सांडू नयेच. म्हणून मग मीच सांडतो, पडद्यावर, हजारभर ठिपके, आणि बघत बसतो त्यांच्याकडे, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत, एकटा... तुम्हाला सांगतो, ठिपक्यांशी बोलायला लागलोय मी. "अरे, तू कुठे निघालास, बाकीचे इकडे आहेत." आईचा फोन येतो, "आज काय केलंस रे?" "तेल सांडलं." "मग पूस की. त्यात सांगायचं काय?" म्हणजे घरीसुद्धा पुढचं कोणी विचारत नाही.

आणि परवा खरंच एका जहाजाची टाकी फुटली. अख्खं ऑफिस माझ्या खोलीत. कोणी टेबलावर, कोणी दारात, आणि मला, तुम्हाला सांगतो, लाज वाटेल इतका आनंद. साहेब म्हणाले, "वारा किनाऱ्याकडे आहे, तेल तिथेच येणार, तेल अडवायचा तरंगता बांध किनाऱ्यापुढे टाका." बांध एकच. म्हटलं, साहेब, वारा तेलाला आपल्या वेगाचे शंभरातले तीनच भाग देतो, बाकी ओढतो तो प्रवाह, आणि भरती लागली की प्रवाह खाडीत शिरणार, तिथे माशांची अंडी आहेत, किनारा धुता येईल, खाडी कशी धुणार? तर साहेब, "अरे, खिडकीतून हात बाहेर काढून वारा बघ ना." आता हात काय पाण्यात आहे का? भांडलो. आवाज चढला माझा. शेवटी साहेब वैतागले, "टाका खाडीवर. चुकलं तर हाच पुसत बसेल."

संध्याकाळी सगळे खाडीच्या तोंडाशी उभे. तेल आलं. काळं, संथ, सरळ बांधाला येऊन टेकलं, आणि आतलं पाणी स्वच्छ. टाळ्या काय, खांद्यावर हात काय, "अहो, इतके दिवस होतात कुठे?" कुठे म्हणजे? त्याच कॉरिडॉरला. कोणी विचारत नाही.

मग साहेबांनी पाठ थोपटली. "शाबास. आता देव करो आणि तुला विचारायची वेळ पुन्हा न येवो." सगळे म्हणाले, "अगदी खरं." सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो हो... तेच तर दुखणं आहे.