लोटची बायको आणि तीन शिट्ट्या

नाही, मी म्हणते, देवाला तरी एवढं काय झोंबलं होतं हो? बाई घरदार सोडून निघालीय, वळून बघणारच ना! तर म्हणे, मागे वळून बघायचं नाही!

तुम्हाला सांगते, आमच्या इंद्रलोक सोसायटीत वर्धापनदिनाला दरवर्षी नाटुकलं असतं. यंदा शशिकांत सरांनी, म्हणजे चर्चच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेले, थेट बायबलातली गोष्ट काढली. सदोम नावाचं पापी गाव देव जाळणार, लोट बायकोला नि पोरींना घेऊन पळणार, आणि देवाची अट एकच... मागे वळून बघायचं नाही! बायको बघते, जागच्या जागी मिठाचा खांब. बायको कोण? मी! "मृणालिनीताई, ढोल वाजल्याशिवाय वळायचं नाही हं. आणि वळलात की पडदा पडेपर्यंत हलायचं नाही, खांब हलतो का कधी?"

नाही हलत, सर! पण स्टेजच्या मागेच पहिल्या मजल्यावर माझं किचन, त्याला मी काय करू? निघताना डाळीचा कुकर लावला, आमच्या ह्यांना बजावलं, तीन शिट्ट्या झाल्या की जाऊन गॅस बंद करा. तीन! इकडे मी पळतेय, गाव जळतंय, आणि मागून फुस्स्स... एक. दोन. तीन. चार!! अहो, चौथीला कुठली बाई वळणार नाही? वळले, अर्धी प्रेक्षकांकडे, अर्धी खिडकीकडे!

झालं. ढोलाच्या आधीच मीठ! लोट झालेल्या जितेशची पाच मिनिटांची भाषणं अजून बाकी, आणि कुकर पाचवी, सहावी... पहिल्या रांगेत आमचे हे, मोबाईल उंच धरून माझंच शूटिंग करतायत! मी डोळे वटारले, खिडकीकडे फिरवले, परत ह्यांच्याकडे... तर शेजारच्या जशुबेन, "अरे क्या एक्टिंग करती है, सच्ची में रो रही है!" रडतच होते हो, माझ्या आईने दिलेला कुकर तो!

आठवीनंतर शिट्टीच थांबली. पाणी संपलं! जळका वास सुटला, आता हा फुटतोय की काय... विंगेतून सर, "हलायचं नाही!" आणि मी, मिठाचा खांब, भर स्टेजवरून किंचाळले, "अहो, गॅस!!"

तुम्हाला सांगते, हे धावले ते धावलेच, पण समोर बसलेल्या बी विंग, सी विंगच्या झाडून सगळ्या बायका गर्रकन मागे वळल्या, आपापल्या किचनकडे! आता सांगा, देवाने एवढं मीठ ठेवलं असतं कुठे?

कुकर वाचला, डाळीचा कोळसा झाला. आणि मागे वळून बघायचं नाही म्हणे, शिक्षा म्हणे! अहो, शिक्षा कसली? मीठ झाल्यावर तिला कोणी विचारलं नाही, "जेवायला काय आहे?" मला ह्यांनी दारातच विचारलं.