पाठीवरची बटणं

“हॅलो?… कोण?… छबू! अरे, थांब, मशीन बंद करते… हं, बोल. जेवलास का?”

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या उशीत खोचल्या आणि लाकडी मोजपट्टी मानेमागून आत घालून पाठ खाजवली. छबू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. वय चाळिशीला टेकलेलं, नुकताच घड्याळांच्या कारखान्यात नोकरीला लागून परगावी गेलेला. कुठल्याही घड्याळाचं पाठचं झाकण तो नुसत्या नखानं उघडायचा. स्वतःचा सदरा मात्र त्याला जन्मात काढता आला नव्हता. बाईंनी त्याचं पहिलं झबलं बेतलं ते पाठीवर बटणं ठेवून, आणि मग तोच बेत दरवर्षी बोटभर वाढवत नेला. वाढला तो छबू. कपडा झबलंच राहिला.

“झोपतोस कसा?… पालथा. बरोबर, उताणं झोपलं की टोचतात… काय? वास? कसला वास?… निघताना मी घातलेलाच सदरा अजून? आणि आंघोळ?… सदऱ्यासकट? मग काय बिघडलं, दोघांची झाली की.”

छबूचं रडगाणं बराच वेळ चाललं. सदरा उलटा का घातला, असं साहेब रोज विचारतात म्हणे.

“तुमचाच उलटा आहे म्हणावं… अरे, ऐक ना. शनिवारची गाडी पकड. मी बटणं काढते, ताजा सदरा चढवते, की तू परत जायला मोकळा… दर शनिवारी, हो… समोर बटणं?”

बाई स्टुलावर बसल्या.

“छबू, समोर बटणं असली की माणूस वाटेल तेव्हा कपडे काढतो. मग आईनं काय करायचं?… नाही येणार म्हणजे?… कोण? शेजारच्या खोलीतली? काय करते ती?… टपाल वाटते. तरीच. लोकांची पाकिटं फोडायची सवय असेल… तिथंच उभी आहे? तुझ्या पाठीमागे?… दे तिला फोन.”

बाईंनी पदराशिवायच पदर सावरल्यासारखं केलं, आवाज खाली आणला.

“हॅलो… हे बघा, मी आई त्याची. तुम्ही त्या सदऱ्याला हात लावू नका, शनिवारी तो घरी येणार आहे… त्याला विचारलंत? तो काय सांगणार, त्याला स्वतःची पाठ तरी ठाऊक आहे का?… कात्री?”

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या कात्रीवर गेला.

“कात्री नाही हं. अहो, रेशमी दोऱ्याची काजं आहेत ती, डोळे फुटले माझे… ओढू नका! काज फाटेल… मुद्दामच लहान ठेवलीत, कुणालाही निघू नयेत म्हणून… नाही, तसं नाही… अहो, असं नाही हो. डावा अंगठा काजात घाला… घातलात? आता बटण आडवं करा आणि सरकवा. ओढायचं नाही, सरकवायचं… निघालं?”

कात्रीवरचा हात त्यांनी काढून घेतला. मग कारागिराच्या खोडीनं पुन्हा तोंड उघडलं.

“आता खालचं. तस्संच… हात चांगला आहे तुमचा… त्याच्या खालचं जरा घट्ट आहे… हं… शेवटचं?”

शेवटचं बटण निघालं तेव्हा आपण काय सांगून बसलो ते बाईंच्या ध्यानात आलं.

“छबूला द्या… छबू? गार लागत असेल पाठीला… नाही? मग कसं वाटतंय?… हसतोस काय?… अरे, शनिवारचं काय?… ठेवू नकोस… छबू, माझं ऐक—”

फोन बंद झाला होता. तरी बाईंनी तो कानापासून काढला नाही. मोजपट्टी पुन्हा मानेमागून आत सारली. छबू गेला त्या सकाळपासून त्यांच्याही अंगावर एकच झगा होता. तो त्यांनी स्वतःच शिवलेला, बटणं पाठीवर, काजं तितकीच लहान. रोज सकाळी ती बटणं छबू लावायचा.

त्यांनी डावा अंगठा मागे नेला. तो खांद्यापर्यंतच पोचला.

“हॅलो?” त्या हळूच म्हणाल्या. “टपालवाल्या बाई… तुम्ही आहात का अजून?”