टिपोकोचा वाफा

टिपोको: कुलूप बदललंय का, वन्सं? माझी किल्ली फिरतच नाही.

झालिस्सा: फिरायची नाही. जुन्या कुलपाची आहे ती.

टिपोको: मग नवी द्या की. पोरीला पाठीवर बांधून दवाखान्यातून थेट इकडंच आलेय. नर्स म्हणाली, हिला रोज हिरवा पाला घाल. म्हटलं, आपल्या वाफ्यात अंबाडी आहे, चवळी आहे...

झालिस्सा: तुझा वाफा आता माझ्या सुनेकडं आहे.

टिपोको: काय?

झालिस्सा: विहिरीची पाळी चुकवली की वाफा गेला. मळ्याचा नियम आहे. महिनाभर कुठं होतीस?

टिपोको: कुठं म्हणजे! बिबाताला सलाईन लावलं होतं. तुम्हीच तर गाढवगाडीत बसवून दिलंत.

झालिस्सा: बसवून दिलं. पाणी कोण शेंदणार होतं, गाढव?

टिपोको: वन्सं, हा सगळा तुकडा सालिफचा. बायकांचा मळा करू म्हणून तुम्ही मागितलात आणि मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर?

झालिस्सा: तू कोण नाही म्हणणार? सालिफ तुझा नवरा असेल, माझा तो भाऊ होता. जमीन आमच्या बापाची. तू आलीस बाहेरून, डोक्यावर एक भांडं घेऊन. ओरडू नकोस, गाडी येतेय.

टिपोको: कसली गाडी?

झालिस्सा: कुंपणाला, विहिरीला ज्या संस्थेनं पैसे दिले, तिची बाई. मळा बघायला येतेय. बरी वेळेवर उगवलीस. फाटकावर "विधवांचा मळा" लिहून ठेवलंय, तिला एक विधवा तर दाखवायला हवी. मी उभी राहू? माझा नवरा आंब्याखाली घोरत पडलाय.

टिपोको: मी नाही उभी राहणार.

झालिस्सा: राहशील. आधी सालिफ गेला, मग पावसात शेजारचा धडधाकट पोरगा गेला. दोघांनी तुझ्या हातचं खाल्लं होतं. लोक कुजबुजतायत, मी त्यांना गप्प बसवते. म्हाताऱ्या तेनेला जीव खाणारी चेटकीण म्हणून गावातून कसं हाकललं, पाहिलंस ना? चप्पलसुद्धा घालू दिली नाही.

टिपोको: तुम्हाला खरंच वाटतं, मी...

झालिस्सा: मला काय वाटतं याला कोण विचारतं? डोळे पूस. वाफ्यात उभी राहा, हस, जाताना पाल्याची जुडी ने.

(गाडीतून आलेली पाहुणी फक्त फ्रेंच बोलते. टिपोकोला फ्रेंच येत नाही. दोघींचं बोलणं एकमेकींना झालिस्साच सांगते.)

पाहुणी: अगं बाई, किती हिरवंगार! आणि या ताई? हा वाफा यांचा?

झालिस्सा: यांचाच, मॅडम. माझी भावजय. भाऊ वारल्यापासून मळ्यावरच जगते.

पाहुणी: आणि ही छोटी! विचारा ना, यातलं काय काय खायला घालता हिला?

झालिस्सा: पोरीला काय घालतेस, विचारतेय.

टिपोको: नुसता साग्बो, बाजरीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. त्यावर मिठाचं पाणी. तिला सांगा वन्सं, वाफा काढून घेतलाय. एवढं एकदा सांगा. मी तुमचे पाय धरते.

झालिस्सा: म्हणते, अंबाडी, चवळी, भेंडी. पोरगी आता पाला बघितला की तोंड फिरवते.

पाहुणी: हो? पण त्या रडतायत.

झालिस्सा: नवऱ्याची आठवण आली. तुमच्यासारखं माणूस एवढ्या लांबून येतं, म्हणून भरून आलं.

टिपोको: ती एवढंसं बोलली. तुमचं इतकं लांब कसं झालं?

झालिस्सा: फ्रेंच लांबच असते. हस.

टिपोको: मॅडम! हे बघा. ही किल्ली. मी. माझं. ते कुलूप... नाही. लागत नाही, बघा!

पाहुणी: किल्ली? मला देतायत?

झालिस्सा: हो, मॅडम. पाहुणीच्या हातात मळ्याची किल्ली ठेवायची आमच्यात रीत आहे. घ्या, नाही म्हटलं तर वाईट वाटेल तिला.

पाहुणी: देवा! मी ही घरी भिंतीवर लावीन. छोटीला घेऊ का जरा? अरे... किती हलकी आहे ही.

झालिस्सा: तापातून उठलीय. महिन्याभरात बघा, उचलवणार नाही तुम्हाला.

पाहुणी: आणि कशी घट्ट बिलगली! चला, एक फोटो. ताईंना म्हणावं, इकडे बघा.

झालिस्सा: तिच्याकडं बघ. तेनेला आठव आणि बघ.

टिपोको: बघतेय.

पाहुणी: सुंदर! त्यांना सांगा, मी त्यांना कधीच विसरणार नाही.

झालिस्सा: म्हणते, ऊन फार झालं, निघते.

टिपोको: गेली?

झालिस्सा: गेली. सगळं नीट पार पडलं. हातवारे तेवढे नडले असते. ही घे जुडी.

टिपोको: ही कांद्याची पात, वन्सं. पिवळी पडलेली. मला वाटलं, अंबाडी द्याल.

झालिस्सा: पाला म्हणाले होते. अंबाडी सुनेनं कालच बाजारात नेली. आणि ऐक, सुगीनंतर आणखी पाहुणे येतायत. पोरीला घेऊन ये.

टिपोको: तोवर राहिली तर.

झालिस्सा: राहील. फार भरवू नकोस मात्र. बारीक पोर कडेवर घ्यायला आवडतं त्यांना.

टिपोको: बिबाता, खाली उतर, बाळा. गुडघे टेक. आत्यानं भाजी दिली, तिला म्हण, देव तुमचं भलं करो.